गुरुवारची वही

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२४

प्रिय अस्मिता,

सलाम.

माझं अक्षर पाहिलं की तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यांचं अक्षर मी चारपाचदाच पाहिलं असेल. तू तर कधीच नाही. तेव्हा तू हे वाचत असशील तर श्रेय त्यांचं.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. महिला मंडळाच्या ग्रुपमधून स्वतः बाहेर पडलीस. बोरिवलीचा पत्ता राधाकडून काढायला मला दोन महिने लागले, कारण तू तिला बजावून ठेवलं होतंस. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून दिला बिचारीने. तिला बोलू नकोस.

जे झालं ते मी केलं, हे पुन्हा एकदा लिहिते. ऑगस्टच्या त्या गुरुवारी राधाकडे घरसभा होती. प्रार्थनेच्या विषयांची वही माझ्याच हातात. मी तुझ्या सुयोगचं नाव घेतलं, त्याच्या मनाच्या आजाराबद्दल सांगितलं, आणि समोर त्याच्याशी लग्न ठरलेल्या श्रुतिकाची आत्या ठाण्याहून पाहुणी म्हणून आलेली आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. रविवारपर्यंत लग्न मोडलं. त्याबद्दल मी तुझ्या दाराशी येऊन माफी मागितली, तू दिली नाहीस. तुझा तो हक्क आहे आणि आजचं पत्र त्यासाठी नाही.

पत्र यासाठी की नाताळच्या उपासनेला तू नव्हतीस. मी शेवटपर्यंत बघत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्याशिवाय नाताळ झाला. बोरिवलीहून मुलुंड लांब पडतं हे मला कळतं, पण बोरिवलीत चर्च नाहीत असं नाही, आणि राधा म्हणते तू तिकडेही कुठे जात नाहीस. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून माणूस घाटकोपर सोडतो. चर्चची मंडळी का सोडायची?

माझ्यावर राग धर, हवा तितका धर. पण शिक्षा स्वतःला कशाला करून घेतेस? मी मागच्या बाकावर बसेन, चहाला थांबणार नाही, तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तू ये.

काल घरसभा छान झाली. गुणाजीकाकांनी इतकी लांब प्रार्थना केली की राधाला चहा दोनदा गरम करावा लागला. सगळे तुझी चौकशी करत होते.

तुझी,
कुंदा

*

बोरिवली पश्चिम,
२६ जानेवारी २०२४

कुंदा,

अक्षर अनोळखी होतं म्हणून फोडलं, तर आतून तू निघालीस. फसवून घरात शिरायची सवय जुनीच आहे तुझी.

उत्तर द्यायचं नव्हतं. आज सुट्टी, सुयोग मित्राकडे गेलाय, आणि तुझं पत्र टेबलावर पडून मला छळतंय. तेव्हा एकदाच लिहिते.

मी मजेत आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. शेजारी मालवणकडच्या विमलाताई आहेत, पंचाहत्तरीच्या. यजमान गिरणीत होते, आता नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला हाक मारली त्यांनी. "तुमच्यात चालता ना?" म्हणून आधी विचारलं, आणि मी कुंकू लावणार नाही म्हटल्यावर हातावर तिळगूळ ठेवून म्हणाल्या, "गोड खावक काय हरकत?" एवढा समजूतदारपणा आपल्या महिला मंडळात मी पाहिला नाही.

नाताळाला सवयीने दोन किलोच्या करंज्या केल्या. मग लक्षात आलं, यंदा गाणी म्हणायला टोळी येणार नाही. दारात कोणी ढोलकी वाजवणार नाही. अख्ख्या इमारतीत वाटल्या, उरलेल्या आम्ही दोघं सहा जानेवारीपर्यंत खात होतो.

रविवारी मी मोबाईलवर उपासना लावते. आवाज स्वच्छ येतो, कोणाचं मूल रडत नाही, कोणी मागून कानात विचारत नाही की सुयोगचं कुठे जमलं का. विमलाताई एकदा आल्या तेव्हा चालू होती. थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचो देव तुमच्या घराक येता, की तुमकाच जावचा लागता?" मी म्हटलं, घरी येतो. "मगे बरा आसा," म्हणाल्या.

तर माझं बरं चाललंय. देव सोडलेला नाही मी. फक्त तुम्हाला सोडलंय. तुम्ही लोक दुःख वाटून घेत नाही कुंदा, पेढ्यांसारखं वाटत फिरता. आणि वर डोळे मिटून त्याला प्रार्थना म्हणता. एखादीबद्दल नुसतं बोललं तर ती चुगली; शेवटी आमेन लावलं की सेवा.

सत्तावीस वर्षांचा मुलगा माझा. त्याचं नाव घेताना तुला मला एक फोन करावासा वाटला नाही?

अस्मिता

*

मुलुंड पूर्व,
१० फेब्रुवारी २०२४

प्रिय अस्मिता,

सलाम.

तू लिहिलंस, याचाच आनंद इतका झाला की आतल्या शिव्या दुसऱ्यांदा वाचताना कळल्या. चुगली आणि आमेनबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी ते वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईला अचूक सापडलंय." नवरा आहे का कोण.

फोन का केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मी देणार नाही. मूर्खपणा केला असं समज.

पण एक विचारते. प्रभुभोजन कुठे घेतेस? मोबाईलवर वचन ऐकता येतं, गाणं ऐकता येतं. भाकर मोबाईलमधून बाहेर येत नाही. ती कोणीतरी तुझ्या हातावर ठेवावी लागते, आणि आधी तुझ्या शेजारचीच्या हातावर ठेवलेली असावी लागते. देव घरी येतो हे विमलाताईंना सांगितलंस ते बरोबर. पण तू वॉर्डात सिस्टर होतीस, तुला मी काय सांगू? स्वतःच्या पाठीवरची जखम स्वतःला धुता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस कधीकधी माझ्यासारखं धसमुसळं निघतं, जखम आणखी उकरून ठेवतं. म्हणून काय जखम कोणाला दाखवायचीच नाही?

सुयोगचे बाबा, नंदकिशोरभावजी, करोनात गेले ते दिवस आठव. दोन हजार एकवीसचा एप्रिल. दफनाला चारच माणसं, तीही त्या पांढऱ्या पोशाखात, आम्हाला फाटकातही उभं राहू दिलं नाही. तू आणि सुयोग घरात बंद. तेव्हा मंडळीने काय केलं होतं? तुझ्या दाराबाहेर रोज डबा ठेवून, बेल वाजवून, जिन्यात उभं राहून तू दार उघडेपर्यंत थांबत होतो आम्ही. गुणाजीकाका तर चार मजले चढून यायचे आणि बंद दाराला तोंड लावून एक स्तोत्र वाचून जायचे. तीच माणसं आहेत गं ही. चुगली करणारी आणि डबा ठेवणारी वेगवेगळी नाहीत. असती तर किती सोपं झालं असतं.

परवा घरसभेत राधाने तुझं आवडतं गाणं घेतलं. तुझ्यासारखी पेटी कोणाला वाजवता येत नाही, म्हणून टाळ्यांवरच म्हटलं. लेंटचे उपवास बुधवारी सुरू होताहेत. लेंटमध्ये तरी ये.

तुझी,
कुंदा

*

बोरिवली पश्चिम,
२९ फेब्रुवारी २०२४

कुंदा,

डब्यांची आठवण करून द्यायची काही गरज नव्हती. मी विसरलेली नाही. गुणाजीकाकांचं स्तोत्र मी दाराच्या आतून कान लावून ऐकत होते आणि सुयोग माझ्या पायाशी बसलेला होता. त्याने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. आजार तिथूनच सुरू झाला, आता कळतं.

प्रभुभोजन मी ऑगस्टपासून घेतलेलं नाही. विचारलंस म्हणून सांगितलं. आणि आणखी एक सांगते, मग हा विषय बंद. मोबाईलवर उपासना संपत आली की पाळकसाहेब आशीर्वादासाठी हात उचलतात आणि सगळे उभे राहतात. मीही राहते. हॉलमध्ये, मोबाईलसमोर, एकटी. दर रविवारी मला वाटतं, आपण वेड्यासारखं काय करतोय. आणि तरी बसून आशीर्वाद घ्यायला जीव होत नाही.

तुला वाटतं मी तुझ्यावरच्या रागाने येत नाही. राग आहेच. पण खरं कारण ते नाही, आणि ते तुला सांगण्यात अर्थ आहे का मला माहीत नाही. मी नोकरीची शेवटची नऊ वर्षं मानसोपचार वॉर्डात काढली. रोज नातेवाइकांना समजावायचे, हा शुगरसारखा आजार आहे, लपवू नका, लाज बाळगू नका, चार माणसांत मिसळू द्या. आणि माझ्या मुलाला पहिली गोळी सुरू झाली त्या दिवशी मी घरी येऊन त्याला काय सांगितलं असेल? "कोणाला बोलायचं नाही. कुंदामावशीलाही नाही." गोळ्यांची पाकिटं मी पिशवीत गुंडाळून लांबच्या कचरापेटीत टाकायचे.

श्रुतिकाच्या घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यावर सांगू, म्हणत होते. त्या आत्याला धक्का तू सांगितलंस म्हणून बसला नाही, मी लपवलं होतं म्हणून बसला. मला ते कळतं. कळतं म्हणूनच त्या बाकावर येऊन बसवत नाही. सगळ्यांना दोन गोष्टी कळल्या ना त्या दिवशी, मुलाचा आजार आणि आईची लबाडी. पहिलीची कीव करतील, दुसरी मनात धरून ठेवतील. मला दोन्ही नको आहेत.

आता लिहू नकोस. खरंच नको लिहूस.

अस्मिता

*

बोरिवली पश्चिम,
६ एप्रिल २०२४

प्रिय कुंदा,

तू खरंच लिहिलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंस माझं.

आता मला लिहायचंय. ईस्टरच्या पहाटे मी मोबाईल लावून बसले होते. सुयोग उठून आला, माझ्यासमोर बसला आणि त्याने उपासना बंद केली. मला वाटलं चिडलाय. म्हणाला, "आई, कुंदामावशीला मीच सांगितलं होतं."

मग सगळं बोलला. ऑगस्टमध्ये त्याने तुला ऑफिसातून फोन केला. म्हणाला, माझं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि मी सांगितलं हे आईला कळू देऊ नका. तू त्या संध्याकाळी फोन चालू ठेवून वहीशेजारी ठेवलास आणि तो अंधेरीच्या ऑफिसच्या जिन्यात बसून कानाला फोन लावून ऐकत होता.

मी विचारलं, का रे? मी करत होते की प्रार्थना, रोज सकाळी, तुझ्या उशाशी. तो म्हणाला, "तू हळू आवाजात करतेस आई. दार लावून. मला एकदा भरलेल्या खोलीत कोणीतरी मोठ्याने माझं नाव घेतलेलं ऐकायचं होतं. बाबांच्या वेळी कोणी येऊ शकलं नाही. मला बघायचं होतं, माझ्यासाठी कोण कोण आहे." आणि म्हणाला की दहा-बारा जणांनी एकदम आमेन म्हटलं तेव्हा तो जिन्यात रडला, आणि किती तरी महिन्यांनी त्याला नीट झोप लागली.

मग लग्न मोडलं, मी तुझ्या नावाने घर डोक्यावर घेतलं, आणि त्याची बोलायची हिंमतच झाली नाही. आठ महिने माझा मुलगा मी तुला घातलेल्या शिव्या ऐकत होता.

श्रुतिकाबद्दल विचारलं तर म्हणाला, बरं झालं. तिच्याशी बोलताना रोज भीती वाटायची, आता कळेल, उद्या कळेल. मुलगी चांगली होती, तिला फसवायचं नव्हतं त्याला. हे माझ्याच मुलाने मला सांगावं.

कुंदा, तू मला का नाही सांगितलंस? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून अख्खी मंडळी जिला ओळखते, ती आठ महिने गप्प बसली? मी तुला दारातून घालवलं तेव्हा एका वाक्यात तुझी सुटका झाली असती. नंबर आज अनब्लॉक केलाय, पण फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. लिहून सांग.

तुझी,
अस्मिता

*

मुलुंड पूर्व,
१५ एप्रिल २०२४

प्रिय अस्मिता,

सलाम.

का नाही सांगितलं? त्याने नको म्हटलं होतं म्हणून. मूल आपल्या आईपासून लपवून काही सांगतं तेव्हा ते सांगायलाच त्याला किती जड गेलं असेल. तेवढं तरी माझ्याकडून पाळलं जावं असं वाटलं, कारण बाकीचं मी पाळलं नव्हतं.

तेच आता लिहिते. सुयोगने तुला सगळं सांगितलं असेल, पण एक गोष्ट तो पोरगा माझ्या बाजूने दडवतोय असं दिसतं. त्याने मला म्हटलं होतं, "मावशी, फक्त नाव घ्या. सुयोगच्या मनाला शांती मिळो, एवढंच." मी एवढंच बोलणार होते. वहीतही तेवढंच लिहिलं होतं. पण नाव वाचल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. राधाने विचारलं, "काय झालं गं त्याला?" आणि मला राहवलं नाही. दोन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, डॉक्टर कुठले, तू कशी लपवून सोसतेस, सगळं सांगितलं. त्यातलं निम्मं मला सुयोगने सांगितलेलंही नव्हतं, मी अंदाजाने जोडलं. इतकी वर्षं जे कोणाला माहीत नव्हतं ते मला आधी कळलंय, हे दाखवायची हौस होती, दुसरं काही नाही. फोन चालू आहे आणि तो ऐकतोय हे माहीत असून.

लग्न नुसतं नाव घेतल्याने मोडलं नाही. त्या जास्तीच्या बोलण्याने मोडलं. तेव्हा सुयोगने तुला सांगितलं म्हणून मी निर्दोष झाले असं समजू नकोस.

त्याने सभेनंतर फोनवर फक्त "थँक यू मावशी" म्हटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता तरी घरसभेला जा. गुरुवारी सात वाजता, राधाकडेच. पंचवीस तारखेला मी नसेन, ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यामुळे तुला माझं तोंडही बघावं लागणार नाही. सुयोगला घेऊन जा. सगळे वाट बघतात.

तुझी,
कुंदा

*

बोरिवली पश्चिम,
२६ एप्रिल २०२४

प्रिय कुंदा,

काल गेलो होतो आम्ही दोघं. सगळं क्रमाने सांगते, मध्ये पत्र टाकून देऊ नकोस.

निघायच्या आधी मी सुयोगला विचारलं, कोणी काही विचारलं तर किती सांगायचं? तो म्हणाला, "नाव तू घे. बाकीचं माझं आहे, ते मी सांगेन." तू आणि मी साठीला आलो, आणि एवढं साधं वाक्य आपल्या दोघींना सुचलं नव्हतं.

राधाने दार उघडलं आणि मला बघून तिथेच रडायला लागली. आत नऊ माणसं. मला वाटलं होतं तसं कोणी दयेने पाहिलं नाही. खरं तर बावरल्यासारखी वाटली सगळी, माझ्याहून जास्त. दोन गाणी झाली, पेटी मी वाजवली, भाता जरा फाटलाय. वचन झालं. मग गुणाजीकाका म्हणाले, आता प्रार्थना करू, आणि थेट डोळे मिटून सुरू झाले. पावसासाठी. परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी. देशाच्या पुढाऱ्यांसाठी. प्रवासात असणाऱ्यांसाठी. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं.

मी राधाला हळूच विचारलं, वही कुठे आहे? तिने कपाटातून काढून दिली. शेवटचं पान ऑगस्टचं, तुझ्या अक्षरातलं. "सुयोग. मनाला शांती." पुढे सगळी पानं कोरी. राधा म्हणाली, "त्या दिवसापासून कोणी काही सांगतच नाही गं. भीती बसलीये. आपलं ऐकून कोण कुठे बोलेल. येतो, गातो, पोहे खातो, जातो."

मला त्या कोऱ्या पानांचं फार वाईट वाटलं. मी घरी एकटी उभी राहून आशीर्वाद घेत होते, आणि ही माणसं एकत्र बसून एकटी होती. मग मी उभी राहिले. म्हटलं, माझा एक विषय आहे. माझ्या मुलासाठी, सुयोगसाठी प्रार्थना करा. आणि माझ्यासाठी, कारण मी त्याला लपायला शिकवलं. पुढे बोलता येईना. सुयोगने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "मला नैराश्याचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, बरा होतोय. कोणी विचारलं तर सांगा, मला चालेल."

मग राधा म्हणाली, "माझ्या धाकटीला गोळ्या सुरू होऊन अकरा वर्षं झाली." कुंदा, अकरा वर्षं. आपण तिच्या घरी दर गुरुवारी जातो. ती मुलगी आत अभ्यास करतेय असं आपण समजत होतो. आणि मग गुणाजीकाका, पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, चष्मा काढून पुसत म्हणाले, "मंडळी, आमच्या घरच्या गेल्या तेव्हा मी वर्षभर ज्या गोळ्या घेत होतो, त्या ब्लड प्रेशरच्या नव्हत्या."

किती वर्षं एका बाकावर बसतो आपण. एका ताटातली भाकर घेतो.

चहा घेताना मी राधाला म्हटलं, कुंदाच्या ह्यांचं ऑपरेशन झालं का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसलं ऑपरेशन? कुंदा कुठे येते आता? ऑगस्टनंतर एकदाही आलेली नाही. मला वाटलं तुला माहीत असेल." मी म्हटलं, अगं मला पत्रातून दर गुरुवारचा वृत्तांत येतो. तर म्हणाली, तो ती शुक्रवारी सकाळी मला फोन करून काढून घेते. कोण आलं होतं, काय गायलं, काका किती वेळ बोलले. आणि रविवारी तू मागच्या दाराशी उभी असतेस म्हणे, आशीर्वादाच्या आधी निघून जातेस. मला विचारत होतीस प्रभुभोजन कुठे घेतेस. तुझ्या हातावर कोणी ठेवली गं भाकर या आठ महिन्यांत?

मला आधी हसू आलं आणि मग राधाच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले. स्वतः बाहेर उन्हात उभी राहून मला आत ढकलत होतीस. राधा म्हणाली, एकदोनदा तू आत आलीस तेव्हा चाललेली बोलणी थांबली, त्यानंतर आली नाहीस. थांबली असतील. लोक घाबरले होते. तुझं जास्तीचं बोलणं चुकलंच होतं, आणि ते मी माफ केलंय, मनापासून, हे इथे लिहून देते. सुयोगने तर तेव्हाच केलं होतं.

आता शेवटचं सांगते आणि पत्र संपवते. चहानंतर सगळे निघत होते, मी त्यांना पुन्हा बसवलं. म्हटलं, एक नाव राहिलंय. वहीच्या कोऱ्या पानावर तुझं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. तुला न विचारता, भरलेल्या खोलीत. विषय एवढाच सांगितला की कुंदा आठ महिने मंडळीबाहेर आहे. त्यापुढे एक शब्द बोलले नाही, शपथ. सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं. राग आला असेल तर येत्या गुरुवारी सात वाजता ये, आणि सगळ्यांसमोर माझ्याशी भांड.

तुझी,
अस्मिता